श्रिंकेजच्या पट्टीनं मापलेलं नाक

आधी मिस्त्रींचं सांगतो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीला लागून पॅटर्न शॉप आहे, तिथले हे मिस्त्री. मी त्यांना चाचा म्हणतो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. त्याच्यावर वाळू ठोकून साचा घेतात आणि साच्यात लोखंड ओततात. चाळीस वर्षं त्यांनी पंपांचे, व्हॉल्व्हांचे, ट्रॅक्टरच्या कसल्या कसल्या भागांचे नमुने केले. मला रंधा धरायला त्यांनी शिकवलं, लेथवर उभं राहायला त्यांनी शिकवलं, ईदला शेजारी बसवून जेवू घातलं आणि बाकीच्या दिवशी शिव्या घातल्या. कोल्हापुरात माझं जे काही आहे ते त्यांच्यामुळं आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जी माणसं येणार आहेत ती एकदा बोलायला लागली की दुसऱ्या कुणाला जागा राहत नाही.

ती माणसं म्हणजे रॉकेटवाले. पण त्यांच्याआधी माझं थोडं.

आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. भाताच्या गिरणीत हमाली केली, वीटभट्टीवर राहिलो, आणि बत्तिसाव्या वर्षी गोंदियाला कोल्हापूरच्या गाडीत बसलो. ती गाडी तिथं सुरू होते आणि इथं संपते. मध्ये कुठं उतरावं ते सुचलं नाही म्हणून शेवटाला आलो, एवढीच हकीकत. इथं बोलतात ती मराठीच आहे हे पटायला मला महिना लागला. माझ्या वाक्याच्या शेवटी ‘जी’ येतं, तर शॉपमधले लोक मला ‘या जी, बसा जी, झाडू मारा जी’ करायचे.

मालकांनी मला पहिल्यांदा बघून विचारलं, “आयटीआय?”

“नाही जी.”

“दहावी?”

“नाही जी.”

ते मिस्त्रींकडं वळले. “ह्या पावण्याला मी कशापायी ठेवू?”

“हात बघितल्यात मी त्याचं,” मिस्त्री म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. काय बिघडलं तर माझ्याकडनं बिघडलं समजा.”

“तुमच्याकडनं कशाला बिघडतंय? त्यानं एक काम बिघडवलं की त्याला गाडीत बसवायचा. गाडी सुटतीया हितनंच.”

असा मी लागलो. एक काम बिघडलं की परत. घरी परत जाऊन करायला काही असतं तर त्या धमकीचं एवढं वाटलं नसतं. मी रोज सकाळी ॲप्रनची गाठ मारताना तेच घोकायचो आणि दिवसभर माप तीनतीनदा तपासायचो.

मापाची एक गोष्ट इथंच सांगायला हवी. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं. म्हणून नमुना हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. आता दर मापाला किती मोठा, ते गणित कोण करत बसणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी करून ठेवली आहे. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. दिसायला शाळेतल्या स्टीलच्या पट्टीसारखी, पण तिच्यावरचे शंभर मिलिमीटर खरे एकशे एक भरतात. कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. आमच्या शॉपमध्ये दुसरी पट्टीच नव्हती म्हटलं तरी चालेल. मिस्त्रींनी मला पहिल्या आठवड्यात एक दिली आणि म्हणाले, “ही खिशात ठेव. दुसरी कुठली धरलीस तर बोटं मोडीन.”

आता रॉकेटवाले.

शहरात एक सर आहेत. क्लास घेतात. त्यांनी हौसेच्या रॉकेटचा एक क्लब काढला होता. त्यात एक दातांचे डॉक्टर, एक फरशीवाले आणि आमचे मालक. मालकांना रॉकेटमधलं काही कळत नव्हतं, पण सरांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायची भूक फार. म्हणून त्यांनी रविवारी पॅटर्न शॉप क्लबला उघडून दिलं. सगळ्यांना एकसारख्या टोप्या होत्या, छातीवर पिवळी आग ओकणारं चित्र असलेले एकसारखे शर्ट होते. डिंक आणायला कुणी बाहेर पडलं तरी त्याला मिशन म्हणायचे. “डॉक्टर, ॲडेसिव्हचं मिशन तुमच्याकडं.” दातांचे डॉक्टर मान डोलवून फेव्हिकॉल आणायला जायचे.

आणि करायचे काय? पुठ्ठ्याची नळी तयार यायची. मोटर तयार यायची, सीलबंद, तिला फक्त सर हात लावणार. टोकाला बसणारं नाक तयार, आतली पॅराशूटची छत्री तयार. राहिलं काय, तर नळीच्या बुडाला हलक्या लाकडाचे तीन पंख सारख्या अंतरावर आणि सरळ चिकटवायचे. तीन पंख. ते या चार शिकलेल्या माणसांना जमत नव्हतं. आमच्याकडं बाई चुलीला तीन दगड मांडते ते याहून नीट असतात, आणि ती काही प्रोजेक्टर लावून मांडत नाही. पहिलं रॉकेट सुटलं ते उडवायच्या सळईवरून निघताच वळलं आणि फौंड्रीच्या पत्र्यावर जाऊन पडलं. सर म्हणाले, “व्हॅल्युएबल डेटा.” मालकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या रविवारपासून पंख माझ्याकडं आले. मला ते काम आवडलं, हे लपवत नाही. हलकं लाकूड, नखानं दाबलं तर खळगा पडेल असं. त्याला छिद्रं बुजवायच्या सीलरचा हात द्यायचा, सुकू द्यायचा, पॉलिश पेपर मारायचा, परत सीलर, परत पेपर, लाकडाची रेघ बोटाला लागेनाशी होईपर्यंत. मग प्रायमर, मग रंग. पंखाची पुढची कड गोल, मागची निमुळती. नमुना करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खरबरीत नमुना वाळूतून निघताना साचा फाडतो, म्हणून आम्ही आयुष्यभर गुळगुळीतच करत बसतो. मी केलेलं पहिलं रॉकेट सरळ वर गेलं, टप्प झालं, नाक सुटलं, छत्री उघडली आणि ते डुलत खाली आलं. सरांनी फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, “आपल्या टीमचं फिनिशिंग.” टीम म्हणजे टोप्या. मी त्या फोटोत नव्हतो; पॉलिश पेपर धरलेला माझा हात कोपऱ्यात होता.

मिस्त्री रविवारीही यायचे, घरी बसवत नाही म्हणून. सरांच्या वस्तूला ते बाण म्हणायचे, दिवाळीतला.

“मिस्त्री, हा बाण नाही. हे रॉकेट आहे,” सर म्हणाले.

“व्हय की. बाणाला कुठं छत्री असत्या.”

सरांना टोमणा कळला नाही. उलट त्यांना मिस्त्री एकदम ‘पारंपरिक’ वाटले असावेत, कारण त्यांनी जाहीर केलं की पुढं शाळेच्या मुलांसाठी जो मोठा कार्यक्रम आहे, त्यानंतर दर रविवारी मिस्त्रींनी मुलांना लेथवर लाकूड कातून दाखवायचं.  पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी शिवणीच्या लाकडाच्या तुकड्यांचे भोवरे कातले, एकाहून एक लहान, आणि खोक्यात भरून बाकाखाली ठेवले. कुणी विचारलं तर म्हणायचे, “लाकूड वाया चाललंतं.”

त्या मोठ्या कार्यक्रमासाठी मोठं रॉकेट ठरलं. माणसाच्या छातीएवढं उंच. नळी सरांच्या घरी, कारण तिच्यावर स्टिकर लावायचं मिशन चाललं होतं. नाक या वेळी मी कातायचं. सरांनी मोबाईलवर माप पाठवलं: नळी आतून छप्पन्न मिलिमीटर, नाकाचा नळीत जाणारा भाग साडेपंचावन्न ठेवा. मी शिवणीचा ठोकळा लेथवर चढवला. खिशातली पट्टी काढली, तिच्यावर कॅलिपर उघडून माप घेतलं, नाक कातलं. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा त्याच पट्टीवर. वर सीलरचे दोन हात दिले, लाल रंग दिला. आरशासारखं झालं होतं. मिस्त्री त्या दिवशी फौंड्रीत एका नमुन्याच्या मागं लागले होते. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी ते नाक हातातही घेतलं नव्हतं.

कार्यक्रम जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला, ऊस तुटून गेलेल्या एका रानात. मांडव, माईक, खुर्च्या. कसल्यातरी पाहुण्यांना बोलावलं होतं आणि सगळ्या टोपीवाल्यांनी त्या दिवशी टोप्यांवर फेटे चढवले होते. समोर सऱ्यांवर ताडपत्र्या टाकून चाळीसेक मुलं बसवलेली. नळी तिथं आली तेव्हा नाक आणि नळी पहिल्यांदा एकमेकांना भेटली.

सरांनी नाक नळीत घातलं. अर्ध्यात थांबलं. त्यांनी तळव्यानं दाबलं. मग मांडीवर घेऊन बुक्की मारली. ते बसलं.

“याला म्हणतात फिट,” सर म्हणाले.

“आमच्या शॉपचं काम हाय ते,” मालक म्हणाले.

आता हे नाक सुटायचं असतं. वर गेल्यावर मोटरचा शेवटचा धक्का नळीत लागतो, त्यानं नाक उडतं आणि मागून छत्री बाहेर येते. नाकाला धरून रॉकेट उचललं तर नळी आपल्या वजनानं हळूच घसरायला हवी, एवढंच सैल. मला हे माहीत होतं. लहान रॉकेटांना मी दर वेळी तसंच करून बघत होतो. सरांनाही माहीत असणार. त्यांनीच माईकवरून मुलांना ते सांगितलं, त्याच बुक्की मारून बसवलेल्या नाकाकडं बोट दाखवून.

माझा हात ॲप्रनच्या खिशात गेला आणि पट्टीला लागला. तेव्हा कळलं.

पन्नासाला अर्धा मिलिमीटर. जेवढी जागा सोडायची होती तेवढी सगळी पट्टीनं खाल्ली, वर सीलर आणि रंग. लोखंड आटतं म्हणून मोठं धरायचं, आणि हे तर लाकूडच राहणार होतं. इतकी साधी गोष्ट. खिशात त्या पट्टीबरोबर पॉलिश पेपरचा तुकडासुद्धा होता. पाच मिनिटांचं काम. आणि वेळ किती होता म्हणता? पाहुणे बोलले, सर बोलले, डॉक्टर दातांविषयी बोलले. अर्धा तास मी मांडवाच्या मागं उभा होतो.

एकदा सरांजवळ गेलो. “जी, जरासं घासून देऊ का?”

“आता काही टच करायचं नाही. काउंटडाऊन मोड.”

यावर मी म्हणायला हवं होतं की माप चुकलंय, मी चुकवलंय, हे नाक निघणार नाही. मालक दोन हातांच्या अंतरावर फेटा सावरत उभे होते. मी म्हणालो, “हो जी,” आणि मागं सरकलो. सरांना मी या लेखात बरंच बोललो आहे आणि अजून बोलणार आहे, पण त्या रानात त्यांना काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असून गप्प बसलेला एकच माणूस होता.

दहापासून उलटं मोजलं, इंग्रजीत. रॉकेट गेलं, आणि काय गेलं म्हणून सांगू, सरळ, पांढरी रेघ ओढत. वर बघायला फेटेवाल्यांना दोन्ही हात डोक्याला लावावे लागले, सगळे दुखतंय म्हटल्यासारखे. वर टप्प आवाज आला. धूर नळीच्या बुडातून निघाला. नाक जागचं हललं नाही. रॉकेट कलंडलं, लाल टोक खाली झालं आणि ते तसंच आलं, शिट्टी मारत.

मुलांच्या ताडपत्रीपासून पंधरा-वीस पावलांवर, सरीत घुसलं. पंखांपर्यंत जमिनीत. मुलं खिदळली, त्यांना वाटलं असंच असतं. मास्तरीण बाई मात्र खालीच बसल्या.

रानाचे मालक कडेला तंबाखू मळत होते. ते चालत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “बोअर मारायची हुती तर सांगायचं की सर. मशीन आणलं असतं.”

सोमवारी सर शॉपमध्ये आले. हातात व्हर्निअर, जणू तलवार. चिखल धुतलेलं नाक त्यांनी बाकावर ठेवलं, मालकांना बोलावलं, मापलं आणि आकडा वाचून दाखवला. छप्पन्न पॉइंट एक. “मी किती सांगितलं होतं? साडेपंचावन्न. माझ्याकडं मेसेज आहे. आय हॅव प्रूफ.” ते कसे बोलत होते म्हणता, मुलांच्या अंगावर येता येता राहिलं याचा शब्द नाही, पाहुण्यांसमोर काय झालं, फोटोग्राफरसमोर काय झालं, एवढंच. आणि ते बुक्की मारल्याचं त्यांच्या मेसेजमध्ये कुठं नव्हतं.

मालक माझ्याकडं बघत होते. लेथ बंद झाला होता. मी ॲप्रनच्या खिशातली पट्टी आणखी आत ढकलली.

मिस्त्रींनी नाक उचललं. प्रकाशात धरून फिरवलं. अंगठा फिरवला. मला वाटतं, त्यांना फिनिशिंग आवडलं. मग खिशातून स्वतःची श्रिंकेजची पट्टी काढून बाकावर टाकली.

“माप मी लावून दिलंतं,” ते म्हणाले. “ह्या पट्टीनं. सवय.”

“तुम्ही?” मालक म्हणाले.

“व्हय, मी. त्यानं नुसतं कातलं. कॅलिपर माझा.”

सरांनी पट्टी उचलून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली आणि हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून. “म्हणजे मिस्त्री, तुम्ही रॉकेट ओतायला निघाला होता. चाळीस वर्षांचा अनुभव!” मालकही हसले, सर हसले म्हणून. काम बिघडवलं ते मिस्त्रींनी, आणि मिस्त्रींना कोण गाडीत बसवणार? विषय मिटला. जाताना सर म्हणाले की मुलांना दाखवायचं ते रविवारचं राहू द्या, मुलांसमोर ॲक्युरसी महत्त्वाची. मिस्त्री म्हणाले, “बरं.” संध्याकाळी ते भोवऱ्यांचं खोकं बाकाखाली नव्हतं. भट्टीत टाकलं की घरी नेलं, मी विचारलं नाही.

चहाच्या टपरीवर मी विचारलं ते दुसरंच. “चाचा, काहून केलं जी असं?”

“माझी चाळीस वर्सं झाल्यात. त्यातनं एक माप गेलं. तुझं सहा म्हैनं झाल्यात. त्यातनं एक गेलं तर ऱ्हातंय काय?”

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी गुडघ्यानं ढकललं. “उठ मर्दा, च्या सांडशील.” रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. ग्लास अर्धा झाल्यावर, माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, “तितं रानात तुला कळलंतं न्हवं? बाण सुटायच्या आदी?”

“हो जी.”

“पोरं बसल्याली तितं.”

“हो जी.”

त्यांनी ग्लास ठेवला आणि उठून गेले. अर्धा चहा तसाच होता. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. चौथ्या दिवशी ‘या जी’ म्हणाले, तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

याला आता काही वर्षं झाली. मिस्त्री घरी असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण बारीक दिसत नाही. पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत म्हणून त्यांनी आपणहून काम सोडलं. लेथवर आता मी असतो. क्लब वाढला आहे, टोप्याही वाढल्या आहेत. रॉकेटांची नाकं अजून मीच कातून देतो, साध्या पट्टीनं, आणि प्रत्येक नाक नळीत घालून, धरून, नळी घसरते का ते बघितल्याशिवाय हातातून सोडत नाही. सर बुक्की मारायला लागले तर मी आता हात धरतो. एवढं शिकलो.

सर मात्र तो किस्सा सोडत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमात सांगतात. दर वेळी मिस्त्री थोडे आणखी अडाणी होतात. आता तर त्यांच्या सांगण्यात मिस्त्री रॉकेटला वाळू लावत होते. ज्या माणसाला तीन पंख सरळ चिकटवता आले नाहीत तो चाळीस वर्षं बिनचूक मापणाऱ्या माणसाची नक्कल करतो, कोल्हापुरी हेल काढून, आणि खुर्च्यांतले लोक हसतात. गेल्या हिवाळ्यात मी मांडवाच्या मागं पंख पुसत होतो. हसणं ऐकू आलं. फरशीवाल्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, तर मीही हसलो. दात दाखवले. त्या दिवशी मिस्त्रींच्या घरावरून गेलो आणि आत गेलो नाही.

मालक तेच आहेत, आणि मला अजूनही भीती वाटते. आता एका चुकीवर कुणी काढणार नाही, हे कळतं. पण भीतीला ते कळत नाही. तरी लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. चाचा, तुम्ही माझं जे माप अंगावर घेतलंत ते मी परत घेणार आहे. सर तो किस्सा सुरू करतील, लोक हसायला तोंड उघडतील, तेव्हा मी माईक मागून घेईन आणि सांगेन की पट्टी माझ्या खिशात होती, हात माझा होता, आणि मला आधी कळलं होतं. त्या दिवशी तुम्हाला रिक्षातून घेऊन येईन आणि पुढच्या रांगेत बसवीन. हे मी एक दिवस करीन जी.